लेट्स एन्क्रिप्टचं फुकट वाइल्डकार्ड: वागळे इस्टेटच्या गाळ्यात कसं चाललं

"फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणारच." लेट्स एन्क्रिप्टचं, म्हणजे साइट खरी आणि कनेक्शन सुरक्षित असल्याची ब्राउझरला खात्री देणारी सर्टिफिकेटं फुकट वाटणाऱ्या सेवेचं, नाव काढलं की गिऱ्हाइकाकडून हे वाक्य येतंच. नौपाड्यातल्या एका सीए फर्मचे साहेब त्याच्याही पुढे गेले. "मॅडम, पॅन-आधार काय काय लागेल? व्हिडिओ व्हेरिफिकेशन असतं का? टोकन कुरिअरने येईल ना?" त्यांच्या डोळ्यांसमोर डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट होतं, आरओसीचे (कंपनी रजिस्ट्रारचे) फॉर्म भरताना लॅपटॉपला खोचतात ते. त्यांच्या धंद्यात सर्टिफिकेट म्हणजे तेच. इथे पॅनही लागत नाही आणि टोकनही येत नाही. अमुक डोमेन आपल्या ताब्यात आहे एवढंच दाखवून द्यायचं, आणि तेही माणसाला नाही, एका प्रोग्रॅमला.

मी ठाण्यात आणि नवी मुंबईत छोट्या कंपन्यांच्या आयटीच्या एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची कंत्राटं घेते. वागळे, रबाळे, महापे, तुर्भे, शिवाय नौपाडा-पाचपाखाडीतली काही ऑफिसं. अशा ठिकाणी आयटी टीम वगैरे नसते. "नेट गेलंय" पासून "टॅली उघडत नाहीये" पर्यंत सगळे फोन मलाच येतात. त्यामुळे हा रिव्ह्यू डेटा सेंटरवाल्यांसाठी नाही. गाळ्याच्या पोटमाळ्यावर, यूपीएसच्या शेजारी धूळ खात चालू असलेल्या सर्व्हरसाठी आहे.

फुकट का, ते आधी सांगून टाकते. लेट्स एन्क्रिप्ट चालवणारी आयएसआरजी ही अमेरिकेतली ना-नफा संस्था. देणग्या आणि स्पॉन्सर कंपन्यांच्या पैशावर तिचा गाडा चालतो. पहिलं सर्टिफिकेट सप्टेंबर 2015 मध्ये निघालं. वाइल्डकार्ड, म्हणजे एका डोमेनखालच्या सगळ्या सबडोमेनना चालणारं एकच सर्टिफिकेट, द्यायला सुरुवात झाली मार्च 2018 मध्ये. विकतचं वाइल्डकार्ड घ्यायचं तर दर वर्षी काही हजारांचं बिल. आतल्या सर्व्हरसाठी तेवढे मागायला गेलं की मालक म्हणणार, "आत कोण बघायला येतंय?" आणि विषय तिथेच संपणार. सुरक्षेच्या बाबतीत साध्या विकतच्या सर्टिफिकेटमध्ये आणि यात ब्राउझरला काडीचाही फरक दिसत नाही. कंपनीचं नाव ॲड्रेस बारमध्ये हिरव्या अक्षरांत झळकवणारी महागडी सर्टिफिकेटं होती, पण ते झळकणं क्रोम आणि फायरफॉक्सने 2019 मध्येच काढून टाकलं.

आता वागळेतला कारखाना. मोजमापाची गेज बनवतात. ईआरपी, म्हणजे ऑर्डर-स्टॉक-हिशेबाचं सॉफ्टवेअर, एका सर्व्हरवर, ड्रॉइंग नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामाईक डिस्कवर, शिवाय हजेरीच्या मशिनचं पॅनल, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि मोठा प्रिंटर. यातलं बहुतेक काही उघडलं की ब्राउझरचं ते "तुमचं कनेक्शन खासगी नाही" वालं पान समोर. स्टोअरच्या काकांनी मॉनिटरच्या कडेला बॉलपेनने लिहून चिठ्ठी चिकटवली होती: "लाल पान आल्यास घाबरू नये. ॲडव्हान्स्ड दाबून खालच्या ओळीवर क्लिक करावे." नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी काका त्याला ती चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावत. चिकटपट्टी जुनी होऊन पिवळी पडली होती, म्हणजे हे बऱ्याच वर्षांचं शिक्षण होतं.

मला खटकली ती चिठ्ठीच. उद्या कुणी बँकेच्या नावाने बनावट पान लावलं आणि ब्राउझरने खराखुरा इशारा दिला, तरी इथल्या सगळ्यांचे हात सवयीने ॲडव्हान्स्डकडेच जाणार. अकाउंट्सच्या ताईंना मी विचारलंही, "बँकेच्या साइटवर लाल पान आलं तर?" त्या म्हणाल्या, "मग काय, काकांची चिठ्ठी आहे ना."

आतल्या सर्व्हरला खरं सर्टिफिकेट लावायचं तर पहिली अट अशी की त्याला खऱ्या डोमेनखालचं नाव हवं. डॉट लोकलसारख्या नावाला किंवा 192.168 ने सुरू होणाऱ्या पत्त्याला कुठलीच पब्लिक सीए (इथे सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट नव्हे, सर्टिफिकेट देणारी संस्था) सर्टिफिकेट देत नाही, फुकटही नाही आणि विकतही नाही. कारखान्याचं वेबसाइटसाठी घेतलेलं डॉट इन डोमेन होतंच. त्याच्याखाली "फॅक्टरी" असं सबडोमेन पाडलं आणि त्याच्याखाली ईआरपी, नॅस, हजेरी, कॅमेरा, प्रिंटर अशी नावं दिली. सर्टिफिकेट मागितलं ते "स्टार डॉट फॅक्टरी डॉट" आणि पुढे कंपनीचं डोमेन, अशा नावाचं. त्या स्टारची धाव एकाच पायरीपुरती असते, हे लक्षात ठेवा. नुसतं कंपनीच्या डोमेनवर स्टार घेतलात तर "ईआरपी डॉट फॅक्टरी" त्यात बसत नाही. आणि स्टारच्या मागे जे मूळ नाव आहे तेही बसत नाही, ते हवं असेल तर वेगळं मागावं लागतं.

एरवी साध्या सर्टिफिकेटसाठी लेट्स एन्क्रिप्ट तुमच्या वेबसाइटवर येऊन एक फाइल वाचून जातं. त्यासाठी सर्व्हर इंटरनेटवरून दिसायला हवा आणि पोर्ट 80, म्हणजे साध्या वेबसाइटचं ठरलेलं दार, उघडं हवं. वाइल्डकार्डला हा मार्ग चालत नाही. तिथे पडताळणी डीएनएसमधूनच, म्हणजे कुठल्या नावाचा पत्ता कोणता ते सांगणाऱ्या इंटरनेटच्या वहीतूनच होते: ते एक लांबलचक अक्षरांची ओळ देतात, ती "अंडरस्कोअर ॲक्मे-चॅलेंज" नावाच्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये, म्हणजे त्या वहीतल्या नुसत्या मजकुराच्या नोंदीत टाकायची, ते जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून ती वाचतात, जुळली की सर्टिफिकेट हातात. वाचायला हे किचकट वाटतं, पण आतल्या सर्व्हरवाल्यांची सगळी सोय यातच आहे. ईआरपीचा सर्व्हर इंटरनेटवर कुणालाही दिसत नाही, राउटरवर एकही पोर्ट उघडलेलं नाही, तरी त्याच्यावर जगमान्य सर्टिफिकेट आहे.

आणि घोडं पेंड खातं तेही नेमकं इथेच. डीएनएस कुणाच्या ताब्यात आहे? कारखान्याचं डोमेन वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने स्वतःच्या अकाउंटवर, स्वतःच्या ईमेलने घेतलेलं निघालं. तो कधीच दुसऱ्या शहरात नोकरीला लागला होता. मालकांना वाटत होतं डोमेन आपलं, कारण दर वर्षी पैसे आपण देतो. लेटरहेडवर पत्र, जीएसटीचा कागद, फोनावर फोन, मग एकदाचा ट्रान्स्फरचा कोड आला. सर्टिफिकेटचं काम त्यापुढे किस झाड की पत्ती. माझ्या एएमसीतल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी हीच कथा आहे, म्हणून हल्ली नवीन गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न विचारते तो डोमेनच्या लॉगिनचा. तो पासवर्ड ज्यांच्याकडे नाही त्यांनी या फुकट सर्टिफिकेटच्या नादाला लागण्याआधी तो मिळवावा.

डोमेन हातात आल्यावर दुसरी ठेच. जिथे डोमेन होतं त्या कंपनीच्या पॅनलमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड टाकला, पण मला स्टार आणि मूळ नाव दोन्ही हवी होती, आणि त्यासाठी एकाच नावाखाली दोन वेगवेगळे टीएक्सटी रेकॉर्ड एकाच वेळी लागतात. डीएनएसच्या नियमात हे अगदी चालतं. पॅनलला मात्र ते पचेना. दुसरा रेकॉर्ड सेव्ह केला की पहिला गुपचूप गायब. टर्मिनलवर डीएनएस तपासणारी डिग कमांड मारली की प्रत्येक वेळी एकच ओळ परत येणार, तीही नुकतीच टाकलेली, आणि पडताळणी अर्धवट फेल. शेवटी डोमेन तिथेच ठेवून फक्त नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसची उत्तरं देणारे सर्व्हर, क्लाउडफ्लेअर कंपनीच्या फुकट प्लॅनवर हलवले. तिथे दोन्ही ओळी गुण्यागोविंदाने राहिल्या.

नेमसर्व्हर हलवण्याचा खरा फायदा एपीआयचा, म्हणजे प्रोग्रॅमला परस्पर रेकॉर्ड बदलता येण्याच्या सोयीचा. टीएक्सटी रेकॉर्ड हाताने टाकून सर्टिफिकेट काढण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत आणि पहिल्यांदा ते छान चालतंही. पण सर्टिफिकेटची मुदत 90 दिवस. ते संपले की पुन्हा नवी ओळ, पुन्हा पॅनल, पुन्हा कॉपी-पेस्ट. असं चालवायचं असेल तर वाइल्डकार्ड घेऊच नका. सर्टबॉट किंवा ॲक्मे डॉट एसएच या सर्टिफिकेट काढणाऱ्या प्रोग्रॅमना डीएनएसच्या एपीआयचं टोकन, म्हणजे पासवर्डसारखी एक ओळ दिली की टीएक्सटी टाकणं, पडताळणी, जुना रेकॉर्ड पुसणं, सगळं ते आपणहून करतात. टोकन देताना हात आखडता ठेवा. त्या एकाच डोमेनचे डीएनएस रेकॉर्ड बदलता येतील एवढीच परवानगी द्या, अख्ख्या अकाउंटची नको. ज्याच्याकडे ते टोकन आहे तो तुमची मेल कुठे जाते तेही बदलू शकतो.

नेमसर्व्हर हलवायला कुणी तयार नसेल तर एक पळवाट आहे. सीए साहेबांकडे तीच वापरली, कारण त्यांची मेल सांभाळणारा वेगळा माणूस डीएनएसला हात लावू देत नव्हता. त्याच्याकडून फक्त एक सीनेम रेकॉर्ड टाकून घेतला, ॲक्मे-चॅलेंजचं नाव दुसऱ्या एका छोट्या डोमेनकडे बोट दाखवेल असा. पडताळणी त्या दुसऱ्या डोमेनवर होते आणि मूळ डीएनएसला पुन्हा कधी हात लावावा लागत नाही. तो माणूसही खूश, कारण त्याला पासवर्ड द्यावा लागला नाही.

ॲक्मे डॉट एसएच वापरणाऱ्यांसाठी जाता जाता एक सूचना: ऑगस्ट 2021 पासून ते आपणहून लेट्स एन्क्रिप्टकडे जात नाही, झीरोएसएसएल या दुसऱ्या सर्टिफिकेटवाल्यांकडे जातं. झीरोएसएसएलचंही चालतं, पण तुम्हाला लेट्स एन्क्रिप्टच हवं असेल तर तसं सांगावं लागतं. गुगल ट्रस्ट सर्व्हिसेसही याच पद्धतीने फुकट वाइल्डकार्ड देतं. मी लेट्स एन्क्रिप्टवर राहिले ते अकाउंट-बिकाउंटची कटकट सगळ्यात कमी म्हणून.

सर्टिफिकेट आलं की मोह होतो ते सगळीकडे कॉपी करण्याचा. ईआरपीवर टाका, नॅसवर टाका, प्रिंटरमध्ये चढवा. माझं मत याच्या साफ विरुद्ध आहे. सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटना एकच किल्ली लागत असेल तर तिच्या नकला प्रत्येक दूधवाल्याकडे द्यायच्या नसतात. वाइल्डकार्डची प्रायव्हेट की, म्हणजे सर्टिफिकेटसोबतची गुप्त किल्लीची फाइल, एखाद्या जुन्या कॅमेरा रेकॉर्डरमधून चोरीला गेली तर ती घेऊन ईआरपीचं सोंग आणता येतं. म्हणून कारखान्यात एका छोट्या मिनी पीसीवर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बसवून रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे सगळ्यांच्या वतीने पुढे उभा राहणारा दरवान केला. सर्टिफिकेट आणि की फक्त तिथे. ईआरपी, हजेरीचं पॅनल, रेकॉर्डर सगळे त्याच्या पाठीमागे. हजेरीच्या मशिनला तर एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपवालं कनेक्शन, मुळात येतच नाही, पण प्रॉक्सीच्या मागे तेही कुलूप लावून बसलंय. नॅस तेवढं अपवाद ठेवलं, कारण त्याच्यावर थेट फाइलींची ये-जा आहे आणि सिनॉलॉजी कंपनीच्या नॅससाठी ॲक्मे डॉट एसएचमध्ये सर्टिफिकेट आपोआप चढवणारी तयार डिप्लॉय स्क्रिप्ट मिळते.

वाइल्डकार्डच का, प्रत्येक सर्व्हरला वेगळं फुकट सर्टिफिकेट का नाही, असं रबाळ्याच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाने विचारलं. तो इंजिनिअरिंगला आहे, प्रश्न रास्त होता. त्याला सीआरटी डॉट एसएच ही साइट उघडून दाखवली. पब्लिक सीएने दिलेली सर्टिफिकेटं सार्वजनिक नोंदवह्यांत जातात, त्या कुणालाही चाळता येतात. त्याच्याच बाबांच्या कंपनीचं नाव टाकलं तर जुन्या माणसाने काढलेली सर्टिफिकेटं रांगेत उभी: पेरोल, टॅली-बॅकअप, सीसीटीव्ही, आणि एक चक्क "टेस्ट-ओल्ड-डिलीट". आत काय काय आहे त्याची यादीच आपण चव्हाट्यावर मांडलेली. वाइल्डकार्डमध्ये नोंदवहीत नुसता स्टार दिसतो. नाव लपलं म्हणजे सर्व्हर सुरक्षित झाला असं मुळीच नाही, पण चोराला घराचा नकाशा काढून देण्याची गरज काय?

कारखान्यात सगळं जमल्यावर सकाळी फोन. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ईआरपी उघडतं, शॉप फ्लोअरच्या वायफायवर नाही. सर्टिफिकेटचा यात काही दोष नव्हता. नावं पब्लिक डीएनएसमध्ये टाकली होती आणि त्यांचं उत्तर होतं 192.168 चा पत्ता. शॉप फ्लोअरचा राउटर ओपनडब्ल्यूआरटी या सॉफ्टवेअरवर चालतो आणि बाहेरच्या डीएनएसकडून आतला पत्ता आला तर तो त्याला दगाफटका समजून उत्तर गिळून टाकतो. त्याचं म्हणणं एरवी बरोबरच आहे. त्या राउटरमध्ये आपलं डोमेन अपवाद म्हणून लिहिलं की काम झालं. याहून नीटनेटका उपाय म्हणजे आतल्या नावांची उत्तरं आतल्याच डीएनएसने द्यायची, बाहेर काही ठेवायचंच नाही. पुढच्या ठिकाणांपासून मी तसंच करते.

एक टॅबलेट मात्र कशालाच बधला नाही. पॅकिंगला बारकोड स्कॅन करायला ठेवलेला, अँड्रॉइड 6 चा. 7.1.1 च्या आधीचे अँड्रॉइड लेट्स एन्क्रिप्टच्या मूळ सर्टिफिकेटला ओळखत नाहीत, आणि त्यांच्यासाठी जी जुनी सोय होती तीही 2024 मध्ये संपली. मालकांनी कुरकुरत नवा टॅबलेट घेतला. तुमच्याकडे असली जुनी उपकरणं बरीच असतील तर आधी ती मोजा.

आता मुदतीबद्दल, कारण पुढची डोकेदुखी तीच आहे. 90 दिवसांचे 2028 पर्यंत 45 दिवस होणार आहेत, तसं लेट्स एन्क्रिप्टने जाहीर केलं आहे. "मग विकतचं घेऊ, वर्षभर निवांत" असं म्हणायची सोयही उरलेली नाही. 15 मार्च 2026 पासून विकतचं सर्टिफिकेटही 200 दिवसांच्या वर देता येत नाही, आणि 2029 मध्ये ती मर्यादा 47 दिवसांवर येईल. सीए साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या बाजूने मान डोलावली. पैसे देऊनही वर्षात अनेकदा तेच काम करायचं असेल तर पैसे कशाला? पुष्कळ ठिकाणी जुन्या लोकांनी "दर 60 दिवसांनी रिन्यू" असा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा आदेश, लावून ठेवलेला सापडतो. मुदत 45 दिवसांवर आली की तो क्रॉन चालायच्या आधीच सर्टिफिकेट मेलेलं असेल. रोज चालवा. रिन्यू करायची वेळ झाली की नाही ते प्रोग्रॅम स्वतः ठरवतो.

आणि रिन्यू झालं म्हणजे लागलं असं नाही. डिस्कवर नवी फाइल येते, पण एन्जिनएक्सने जुनीच फाइल मेमरीत धरलेली असते, त्याला रीलोड म्हणेपर्यंत तो जुनंच सर्टिफिकेट दाखवतो. महाप्याच्या एका गोदामात अगदी हेच चालू होतं: लॉगमध्ये "सक्सेस" आणि ब्राउझरमध्ये "एक्स्पायर्ड". आधीच्या माणसाने रिन्यूनंतरची रीलोडची ओळच लिहिली नव्हती.

तक्रारी म्हणाल तर आहेत. मुदत संपत आल्याची ईमेल पूर्वी यायची, ती जून 2025 पासून बंद झाली. आता पहारा आपणच ठेवायचा. मी अपटाइम कुमा हे पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलंय, मुदत जवळ आली की ते फोनवर कळवतं. फोन करून ओरडावं असं कस्टमर केअर नाही. मदत आहे, पण ती लिहून मागायची, इंग्रजीत, आणि उत्तराची वाट बघायची. तेच सर्टिफिकेट आठवड्यात 5 वेळाच काढता येतं, त्यामुळे प्रयोग करायचे असतील तर त्यांच्या स्टेजिंग सर्व्हरवर करा. तिथली सर्टिफिकेटं ब्राउझरला चालत नाहीत, पण मर्यादा खूप सैल आहेत. कारखान्याच्या शुक्रवारच्या सुट्टीत मी सगळी रंगीत तालीम तिथेच उरकली.

सरसकट सगळ्यांना मी वाइल्डकार्ड सांगत नाही. ऐरोलीतल्या एका क्लासवाल्यांना ते हवंच होतं, कारण कुणीतरी "स्टारवालं भारी असतं" म्हणून सांगितलेलं. त्यांची एक वेबसाइट, एक विद्यार्थ्यांचं पोर्टल, दोन्ही एकाच क्लाउड सर्व्हरवर, पोर्ट 80 उघडंच. त्यांना कॅडी नावाचं वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. कॅडी दोन्ही नावांची साधी सर्टिफिकेटं आपणहून काढतं, आपणहून रिन्यू करतं, डीएनएसचं टोकन कुठेच ठेवावं लागत नाही. सरांचा चेहरा जरा पडला. पण परवा त्यांनी तिसरं नाव वाढवलं, तेही स्वतःच, कॉन्फिगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून, मला फोनही न करता.